‘क्ष’ खंय गेलो? एका कळीचा इतिहास

सावंतवाडीच्या पश्चिमेला दर्या आहे आणि पूर्वेला दऱ्या. वेंगुर्ल्याकडे उतरत गेलं की समुद्र लागतो, आंबोलीकडे चढत गेलं की घाट. बोलताना या दोन शब्दांत कुणाचा गोंधळ होत नाही. लिहिताना फरक इवलासा आहे: एकात ‘र’ पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात तो ‘य’ला आडवा चिकटतो. पेनाने लिहिणाऱ्याला त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. कीबोर्डवर मात्र वेगळी कळ लागते. ती कळ चालत नसेल, किंवा कुठे आहे हेच माहीत नसेल, तर सगळ्या दऱ्यांचा दर्या होऊन जातो.

कळ बंद पडली की आपण कीबोर्ड उलटा करून आपटतो, फुंकर मारतो, आणि नाहीच जमलं तर तीन-चारशे रुपयांचा नवा आणतो. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतंही. पण कधी कधी नव्या कीबोर्डवरही तीच कळ गप्प असते. मग बिघाड प्लास्टिकमध्ये नसून इतिहासात असतो. हा लेख अशाच एका कळीबद्दल आहे.

गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या एका काकांनी मला त्यांच्या दुकानात बोलावलं. झेरॉक्स, फॉर्म भरणं, लग्नपत्रिका असं सगळं करणारं दुकान. जुना डेस्कटॉप, त्यावर नुकतंच कुणीतरी लिनक्स टाकून दिलेलं. काका सरकारी पद्धतीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरणारे, स्क्रीनकडे बघून टाईप करणारे, बोटांकडे नाही. त्यांची तक्रार एका ओळीची होती: “माझो क्ष खंय गेलो रे?” इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ७ दाबलं की ‘क्ष’ उमटतो. त्यांच्याकडे तो उमटत नव्हता. लग्नपत्रिकेत ‘अक्षता’ आहेत, सातबाऱ्यात ‘क्षेत्र’ आहे, गावात दर चार घरांमागे एक लक्ष्मण आहे. ‘क्ष’ नसेल तर हे दुकान चालायचं कसं?

पहिला मजला: प्लास्टिक आणि पाऊस

कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत बरेच मजले असतात. बिघाड शोधायचा म्हणजे लिफ्ट नेमकी कुठल्या मजल्यावर अडकली ते बघायचं. तळापासून सुरुवात केलेली बरी.

स्वस्त कीबोर्डच्या आत प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात. त्यांवर वीज वाहून नेणाऱ्या शाईच्या रेषा छापलेल्या असतात, काही आडव्या, काही उभ्या. कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी रेषा एकमेकींना टेकतात आणि आतली चिप त्या छेदावरून कळ ओळखते. शंभरावर कळांसाठी शंभर तारा ओढण्यापेक्षा हे जाळं खूप स्वस्त पडतं. त्यामुळे जाळ्यातली एक रेषा तुटली, तर एकच कळ न जाता तिच्यावरच्या अनेक कळा एकदम जातात. एकच कळ गेली असेल तर त्या एका जागी कचरा, ओल किंवा झिजलेलं रबर असण्याची शक्यता जास्त.

आमच्याकडे हा मजला दुर्लक्षून चालत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, चार महिने न सुकणारे कपडे, आणि समुद्रावरून येणारी खारी हवा. त्या शाईतली चांदी दमट हवेत काळवंडते, रेषा खंगतात. काकांच्या कीबोर्डवर माझाही पहिला संशय पावसावरच होता. पण त्याची खातरजमा एका मिनिटात होते. भाषा इंग्रजी करून तीच कळ दाबा. ७ येतोय? शिफ्टबरोबर त्या जागचं चिन्ह येतंय? दोन्ही येत होती. प्लास्टिक निर्दोष सुटलं.

दुसरा मजला: एका कळीचे तीन नंबर

कीबोर्डला अक्षरं कळत नाहीत, फक्त नंबर कळतात. सातची कळ दाबली की आजचा यूएसबी कीबोर्ड संगणकाला ‘३६’ असं सांगतो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याचं रूपांतर ‘८’ या नंबरात करतो. पुढे स्क्रीनवरच्या खिडक्या सांभाळणारी एक्स नावाची यंत्रणा त्यात आणखी ८ मिळवते आणि ‘१६’ म्हणते. कळ एकच, नंबर तीन. हा वेंधळेपणा नाही, तीन वेगळ्या काळांचे हे शिक्के आहेत.

८ हा नंबर १९८१चा. त्या वर्षी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याच्या ८३ कळांना त्यांनी नंबर दिले: एस्केपला १, एकला २, दोनला ३, असं करत सातला ८. लिनक्स आलं ते १९९१मध्ये, पण तेही याच घराण्यातल्या संगणकांवर वाढलं आणि मूळ कळांना त्याने तेच नंबर ठेवले. ३६ हा नंबर १९९०च्या दशकात यूएसबीसोबत आलेल्या नव्या यादीतला. आणि एक्सची अधिकची ८? १९८४मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत एक्सचं काम सुरू झालं, १९८७मध्ये त्याची अकरावी आवृत्ती आली. तिच्या नियमांनुसार कळांचे नंबर ८ ते २५५ यांच्यातच असले पाहिजेत. लिनक्सचे नंबर १पासून सुरू होतात, म्हणून सरसकट ८ मिळवून मोकळे झाले.

या साध्या बेरजेचा फटका पुढे खऱ्या कळांना बसला. लिनक्समध्ये माइक बंद करण्याच्या कळीचा नंबर २४८ आहे. त्यात ८ मिळवले की २५६ होतात, आणि एक्सची हद्द २५५वर संपते. लॅपटॉपवरची ही कळ दाबली की कर्नलला ती ऐकू येते, पण एक्सच्या दारातून आत शिरत नाही. एका नंबराने हुकते. उपाय म्हणून लिनक्सवाल्यांनी अनेक लॅपटॉपांवर या कळीला ‘एफ २०’ या दुसऱ्याच कळीचं सोंग दिलं, म्हणजे ती हद्दीच्या आत बसते. २००८मध्ये सुरू झालेल्या वेलँड या नव्या यंत्रणेत २५५ची अट गेली, पण ८ मिळवण्याची रीत अजून तशीच आहे. कारण विसरलं तरी रीत टिकते, हे आपल्याला घरातूनच ठाऊक असतं.

हा मजला तपासायला लिनक्समध्ये दोन छोटी साधनं आहेत. ‘ईव्हीटेस्ट’ कर्नलला काय ऐकू आलं ते दाखवतं, ‘एक्सईव्ही’ एक्सला काय ऐकू आलं ते. पहिल्यात कळ दिसली आणि दुसऱ्यात दिसली नाही, तर बिघाड या दोघांच्या मधे. काकांच्या संगणकावर ८ही दिसत होता आणि १६ही. लिफ्ट वर चालली होती.

तिसरा मजला: आठ सेकंदांची शिफ्ट

मधे एक फसवा मजला आहे. लिनक्सच्या बऱ्याच डेस्कटॉपांवर शिफ्टची कळ आठ सेकंद दाबून धरली तर ‘स्लो कीज’ ही सोय चालू होऊ शकते. मग कुठलीही कळ क्षणभर दाबून धरल्याशिवाय उमटत नाही. भराभर टाईप करणाऱ्याला वाटतं, कीबोर्डच मेला. पाच वेळा शिफ्ट दाबली की ‘स्टिकी कीज’ चालू होतात, ती दुसरी तऱ्हा.

या सोयींची मुळं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमध्ये १९८०च्या दशकात झालेल्या कामात आहेत. ज्यांचे हात थरथरतात किंवा ज्यांना दोन कळा एकदम दाबता येत नाहीत, अशा माणसांना संगणक वापरता यावा, हा हेतू. कुणाच्या तरी गरजेची गोष्ट दुसऱ्याला बिघाड वाटते, म्हणून ती उखडून टाकायची नसते, माहीत करून घ्यायची असते. इनस्क्रिप्टमध्ये तर शिफ्टशिवाय पान हलत नाही: ख, घ, छ, थ, ध, ळ, सगळे शिफ्टवर. एखादा शब्द आठवत शिफ्टवर बोट ठेवून बसलं, की झालं. काकांकडे हे चालू नव्हतं. आता एकच जागा उरली होती: नंबराचं अक्षर होतं ती.

चौथा मजला: ‘क्ष’ हे अक्षर आहे का?

१६ नंबरची कळ आली, तिचं काय उमटवायचं, हे लिनक्समध्ये एक्सकेबी नावाची यंत्रणा ठरवते. ती १९९०च्या दशकात एक्सचा भाग झाली. तिच्याकडे प्रत्येक भाषेचा तक्ता असतो: अमुक कळ साधी दाबली तर हे चिन्ह, शिफ्टबरोबर ते. हे तक्ते लिहिताना एक गृहीत धरलेलं असतं, की एका कळीच्या एका दाबातून एकच चिन्ह निघणार. इंग्रजीला हे गृहीत सहज पुरतं. फ्रेंच, रशियन यांनाही पुरतं. ‘क्ष’ला पुरत नाही.

कारण संगणकाच्या लेखी ‘क्ष’ नावाचं अक्षरच नाही. तिथे क आहे, हलन्ताचा पाय आहे आणि ष आहे. तीन चिन्हं ओळीने ठेवली की फॉन्ट त्यांना जोडून ‘क्ष’ काढतो. फॉन्टच्या आत या जोडणीच्या नियमाचं नाव चक्क ‘अखंड’ आहे. तेव्हा एका कळीतून तीन चिन्हं काढणं जुन्या एक्सकेबीच्या तक्त्यात बसत नाही, आणि त्या जागी ‘&’सारखं इंग्रजी चिन्ह येतं किंवा काहीच येत नाही. काकांचा क्ष इथे अडकला होता. कीबोर्ड ठीक, कर्नल ठीक, एक्स ठीक. अडचण ही, की ‘क्ष’ एक आहे की तीन, यावर दोन जगांचं एकमत नव्हतं.

हे भांडण संगणकाहून जुनं आहे. संस्थानांच्या काळात कारभार मोडीत चाले. मोडी लिहिणाऱ्याला कळांचा हिशेब करावा लागत नसे, हात न उचलता तो जोडाक्षरं वळवत जाई. छपाईने बाळबोध निवडली आणि हिशेब सुरू झाला. जोडाक्षरागणिक वेगळा खिळा ठेवायचा तर खिळ्यांची पेटी भिंतभर होते. क ते ळ या चौतीस व्यंजनांच्या नुसत्या दोन-दोनच्या जोड्या मांडल्या तरी कागदावर १,१५६ होतात. म्हणून खिळे कमी करण्याच्या खटपटी सतत चालू राहिल्या. लिपिसुधारणेचे वाद झाले, सावरकरांनी रत्नागिरीत असताना ‘अ’चीच बाराखडी चालवून पाहिली. या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न होता: यंत्राने लिपीपुढे वाकायचं, की लिपीने यंत्रापुढे?

टाईपरायटरवर हा प्रश्न आणखी आवळला गेला, कारण तिथे चाळीस-पंचेचाळीस कळा आणि प्रत्येकीवर दोन चिन्हं. रेमिंग्टनच्या देवनागरी मांडणीने त्यावर सुताराचा उपाय काढला: अक्षरं अर्धी कापून ठेवायची. काना हा एक खांब आणि त्याला वेगळी कळ. मग अर्धा ‘क्ष्’ आणि काना मिळून पूर्ण ‘क्ष’. ख, घ, थ, ध, भ, श ही अक्षरंही याच पद्धतीने. इथे ‘क्ष’ दोन तुकड्यांचा होता, पण ते तुकडे दिसण्याचे होते, उच्चाराचे नव्हते. गोदरेजने १९५५मध्ये भारतीय बनावटीचा टाईपरायटर आणला आणि २००९पर्यंत त्यांचं उत्पादन चालू होतं. तेवढ्या काळात महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांतून टायपिंगच्या क्लासमध्ये बसून कितीतरी मुलामुलींनी या तुकड्यांवर ‘मराठी ३०’, ‘मराठी ४०’च्या परीक्षा दिल्या आणि नोकऱ्या मिळवल्या.

संगणकाने तुकडे पाडायची पद्धत बदलली. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्र तयार झालं, ते पुढे पुण्यात १९८८मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅककडे आलं. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६मध्ये इनस्क्रिप्ट मांडणी प्रमाण केली, १९८८मध्ये इस्की ही संकेतप्रणाली आली, आणि १९९१मध्ये दोन्ही भारतीय मानक म्हणून एकत्र छापल्या गेल्या. त्यांचं तत्त्व असं: अक्षर दिसतं कसं ते विसरा, उच्चारलं कसं जातं ते साठवा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि तमिळपासून बंगालीपर्यंत सगळ्या लिप्यांना तीच जागा. क जिथे मराठीत, तिथेच गुजरातीत आणि कन्नडमध्ये. फार देखणी कल्पना आहे ही. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीसाठी १९८८च्या इस्कीचाच साचा उचलला, आणि तो आज तुमच्या फोनमध्ये आहे.

या हिशेबात ‘क्ष’ला स्वतंत्र नंबर मिळाला नाही. तो जोडाक्षर ठरला. पण आपण शाळेत मुळाक्षरांच्या शेवटी ‘क्ष, ज्ञ’ म्हणतोच, आणि महाराष्ट्र शासनाने २००९मध्ये वर्णमाला ठरवली तेव्हाही या दोघांना विशेष संयुक्त व्यंजनं म्हणून शेवटी जागा ठेवली. इनस्क्रिप्ट करणाऱ्यांनाही ही ओढ ठाऊक असावी. अंकांच्या ओळीत शिफ्टवर त्यांनी ज्ञ, त्र, क्ष, श्र यांना एकेक कळ दिली. नंबर तीन, कळ एक. विंडोजने ही तडजोड पाळली. लिनक्सच्या जुन्या तक्त्यात तिला जागाच नव्हती.

गेलेला ‘क्ष’ परत कसा येतो

लिनक्सवर मराठी आपोआप आलेली नाही. मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत ‘इंडिक्स’ नावाचा प्रकल्प झाला, त्यात एक्सच्या पोटात शिरून भारतीय लिप्या नीट दाखवण्याचं काम केलं गेलं. त्यासाठी ‘रघू’ हा फॉन्ट दिला सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी, ज्यांचा ‘मंगल’ विंडोज २००० पासून देशभरच्या कचेऱ्यांत पोहोचला. २००४मध्ये रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ फॉन्ट खुले केले. आणि कळांसाठी एक नवा मजला बांधला गेला: इनपुट मेथड. आयबस हा त्यातला आज सर्रास दिसणारा. त्याच्या जोडीला जपानमध्ये तयार झालेली एम१७एन ही बहुभाषी तक्त्यांची यंत्रणा असते. जपानी आणि चिनी लोकांना एका कळीतून एक चिन्ह हे गृहीत कधीच पुरलं नव्हतं. त्यांच्या गरजेतून झालेल्या सोयीत आपला ‘क्ष’ही बसतो. इथे एका दाबातून तीन चिन्हं बिनदिक्कत निघतात.

तेव्हा काकांच्या दुकानातली दुरुस्ती एवढीच होती: सेटिंगमध्ये मराठीचा साधा तक्ता काढून एम१७एनचा मराठी इनस्क्रिप्ट लावला. शिफ्ट-सात दाबलं, क्ष आला. आणि समजा तेही जमलं नसतं, तर इनस्क्रिप्टवर लांबचा पण हमखास रस्ता आहेच: इंग्रजी ‘के’च्या जागी क, ‘डी’च्या जागी हलन्त, शिफ्टबरोबर स्वल्पविरामाच्या जागी ष. तीन कळा, तीन चिन्हं, एक क्ष. हा रस्ता कुठल्याही यंत्रावर चालतो, कारण साठवणूक तशीच आहे.

जी कळ बंद पडलेली कुणाला कळत नाही

‘क्ष’ची कळ बंद पडली तर निदान ते दिसतं. जास्त धोका न दिसणाऱ्या बिघाडांचा आहे.

‘ॲ’ घ्या. इंग्रजी ‘ॲपल’मधला हा मराठी स्वर युनिकोडमध्ये आला २००८मध्ये. त्याआधी काय करायचं? कुणी अ लिहून त्यावर चंद्र टाकला, कुणी इनस्क्रिप्टवर शिफ्ट-एकला असलेला ‘ऍ’ वापरला, जो दिसायला ए वर चंद्र दिल्यासारखा आहे. आजही तिन्ही चालू आहेत. पहिल्या दोघांत डोळ्यांना फरक जवळजवळ दिसत नाही. संगणकाला मात्र ती तीन वेगळी नावं आहेत. सावंतवाडीतल्या ख्रिस्ती घरांत ॲग्नेस किंवा ॲल्विन असं कुणी असतं. फॉर्म भरणाऱ्याने नाव एका पद्धतीने टाकलं आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या, तर उत्तर येतं: ‘नोंद सापडली नाही.’ नोंद असते. कळ वेगळी दाबलेली असते.

आणि सुरुवातीचा तो आडवा र. इनस्क्रिप्टमध्ये तो ‘जे’च्या कळीवर शिफ्टबरोबर आहे: ऱ. त्याला हलन्त आणि य जोडला की ‘ऱ्य’. दुसरा मार्ग साधा र, हलन्त, आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संकेत वेगळे. कऱ्हाडकर किंवा गोऱ्हे आडनावाच्या माणसाचं नाव दोन कचेऱ्यांत दोन तऱ्हांनी साठलेलं असू शकतं, आणि हे त्याला कधीच दिसणार नाही. आधी पैसे अडतील किंवा दाखला अडेल, कारण नंतर कधीतरी कळेल.

यात कुणाचा दुष्टपणा नाही. १९८१मध्ये कळांना नंबर देणाऱ्याला ‘क्ष’ ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि १९८८मध्ये सगळ्या भारतीय लिप्यांना एका साच्यात बसवणाऱ्याला आमच्या ‘ॲ’ची घाई नव्हती. प्रत्येक मजला बांधणाऱ्याने आपल्यापुढचा प्रश्न सोडवला. पण जी भाषा उशिरा त्या इमारतीत राहायला येते, तिला आधीच्यांनी काढलेल्या दारांतूनच जावं लागतं. दार अरुंद आहे हे तिने सांगावं लागतं, कारण दुसऱ्या कुणाला ते टोचत नाही. २००८चा ‘ॲ’ असाच मिळाला, कुणीतरी मागितला म्हणून.

लिनक्सच्या बाबतीत एक गोष्ट मला विशेष वाटते. तिथे तो तक्ता झाकलेला नसतो. मराठीची कुठली कळ काय उमटवते, हे लिहिलेली फाइल उघडून वाचता येते, चूक दिसली तर कळवता येते, दुरुस्तही करून पाठवता येते. त्यासाठी कंपनीचं ओळखपत्र लागत नाही. सावंतवाडीतल्या कॉलेजातल्या मुलीलाही ते करता येईल. मात्र त्याआधी तिला शंका यायला हवी, की कळ दाबूनही अक्षर आलं नाही, यात दोष आपल्या बोटांचा नसेल.

म्हणून पुढच्या वेळी एखादी कळ गप्प झाली, तर आपटण्याआधी खालून वर मजले मोजा. भाषा बदलून बघा. दुसरा कीबोर्ड लावून बघा. नंबर पोचतोय का बघा. शिफ्टने काही सोय चालू केली का बघा. शेवटी तक्ता बघा. बहुतेक वेळा धूळ सापडेल. कधी कधी मात्र सापडेल ती एक जुनी बैठक, जिथे आपली भाषा हजर नव्हती.